घरची पाच मतं

मतदानाच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ. रक्कम दहा हजार रुपये, पाचशेच्या वीस नोटा. जागा आमच्या वाडीतल्या बिरोबाच्या देवळाचा कट्टा. हजर माणसं: माझा धाकटा भाऊ, एका पक्षाचा वाडीतला कार्यकर्ता, त्याच्याबरोबर तालुक्याहून आलेले दोघे, आणि देवळाचा म्हातारा पुजारी. पैसे पाच मतांचे होते. त्यांतलं एक मत धाकट्याचं. बाकीची चार ज्यांची, त्यांपैकी तिथे कुणीच नव्हतं. आई मेंढरांमागे गेली होती. धाकट्याची बायको पाण्याला गेली होती. मी आणि माझी बायको साताऱ्यात होतो, दीडशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

आमची वाडी कवठे महांकाळ तालुक्यात. आम्ही मेंढरंवाले. आता शेती आहे, बोअर आहे, डाळिंबाची थोडी झाडं आहेत, तरी आईने पंचवीसेक मेंढरं सोडलेली नाहीत. मी साताऱ्यात एका कारखान्याच्या स्टोअरला आहे, भाड्याने राहतो. जमीन, रेशनकार्ड आणि मतदान मात्र वाडीतच आहे. प्रत्येकाने दोन बटणं दाबायची होती, एक जिल्हा परिषदेचं आणि एक पंचायत समितीचं. पैसे दोन्ही मिळून होते.

मला हे समजलं ते सोमवारी, तेही धाकट्याने वेगळ्याच कामासाठी फोन केला म्हणून. मतदानाला येताना एसटीचं तिकीट काढू नकोस, पार्टीची गाडी साताऱ्यातनं सगळ्यांना उचलणार आहे, असं सांगायला त्याने फोन केला होता. कुठली पार्टी, असं मी विचारलं. त्याने नाव सांगितलं आणि म्हणाला, आपलं तिकडंच ठरलंय, घराचा भंडारा उचललाय.

भंडारा म्हणजे हळद. आमच्यात देवासमोर मूठभर भंडारा उचलून, कपाळाला लावून जो शब्द बोलला जातो तो मोडत नाहीत. मी लहानपणी पाहिलेले बांधाचे तंटे, मेंढरांच्या वाटण्या, मोडता मोडता राहिलेल्या सोयरिकी अशाच मिटल्या. कागद नाही, वकील नाही. ज्याने उचलला त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. गरीब माणसांची ही एक चांगली सोय होती, आणि ती टिकली, कारण ती कुणी उगाच वापरत नसे. गेल्या काही निवडणुकांपासून पक्षांनी ती वापरायला काढली आहे. मतदानाला यंत्र आहे, पुठ्ठ्याचा आडोसा आहे, आत दुसऱ्या कुणाला जाता येत नाही. त्या आडोशाच्या आतही माणसाबरोबर जाईल असं काय आहे, ते या लोकांनी शोधून काढलं. पैसे घेऊन माणूस फसवू शकतो. भंडारा उचललेला फसवत नाही.

साताऱ्यात दुपारच्या डब्याला मी हे बोललो, तर एक सहकारी हसला. खेड्यात हे चालायचंच, म्हणाला, लोक अडाणी आहेत, देवधर्मात अडकलेले. हा गृहस्थ माझ्याच सोसायटीत राहतो. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी आमच्या सोसायटीची बैठक झाली होती. भाडेकरू म्हणून मी मागे बसलो होतो. जो उमेदवार पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून देईल त्याला इमारतीची सगळी मतं, असं ठरलं, आणि सेक्रेटरीने सर्वांच्या वतीने शब्द दिला. भंडारा नव्हता. चहा आणि बिस्किटं होती. ब्लॉक बसले. त्याला तिथे विकास म्हणतात. मी त्याला हे ऐकवलं, तेव्हा त्याने डब्याचं झाकण लावलं आणि तो दोन टेबलं सोडून जाऊन बसला. चांगलं झालं.

दुसऱ्याने मोबाईल काढून एक हिशोब वाचून दाखवला. एका मताचे दोन हजार भागिले पाच वर्षं, म्हणजे दिवसाला एवढे पैसे. भिकारीसुद्धा इतक्यात समाधानी नसतो, वगैरे. दर निवडणुकीला हा हिशोब फिरतो. मी आकड्यांत वाढलेला माणूस आहे, पण मला त्याची चीड येते. त्यात तक्रार एवढीच असते की भाव कमी मिळाला.

मंगळवारी रजा टाकून मी निघालो. सातारा ते सांगली एक गाडी, सांगलीहून कवठे महांकाळ दुसरी, पुढे वडापची जीप. तिकिटं माझ्या पैशाने काढली.

धाकटा बोअरजवळ होता. मोटर जळाली होती, ती त्याने वायंडिंग करून आणली होती. नवी केबलही दिसत होती. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं की त्या दहा हजारांतले बहुतेक याच्यातच गेले. लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नव्हतं.

“घ्यायचं सगळ्यांचंच असतंय दादा. न घेणाऱ्याला येडा म्हणत्यात.”

“मग दुसऱ्या पार्टीचंबी घेतलंस?”

“न्हाई. भंडारा उचलल्यावर दुसऱ्याचं कसं घेणार?”

हे तो मान वर करून बोलला. दुसऱ्या पक्षाची माणसंही येऊन गेली होती, त्यांना त्याने परत पाठवलं होतं. आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना जो प्रामाणिकपणा शिकवला तो त्याने या विक्रीत पाळला होता. मला त्याच्यावर हात उगारावासा वाटला. पन्नाशीच्या घरात आलेला मी आणि दोन पोरांचा बाप असलेला तो. मी हात मागे बांधून उभा राहिलो.

माझं मत कुणाला विचारून दिलंस, असं मी म्हणालो. त्याला प्रश्नच कळला नाही. माझं मत त्याच्याच घरातलं नाही का? मी काय वेगळा निघालो होतो? आणि माझ्या बायकोचं? तो म्हणाला, वैनी तुझ्यासंगंच की.

आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. जेवताना मी पुन्हा विषय काढला, आवाज चढवला, तेव्हा तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“मला तिला टाकायचं हुतं,” आई म्हणाली.

ती म्हणजे शेजारच्या वाडीतली एक बाई. पंचायत समितीची जागा महिलेसाठी होती आणि चार जणी उभ्या होत्या. धाकट्याने जिच्यासाठी शब्द दिला ती एका ठेकेदाराची बायको. फलकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता. उरलेल्यांत ही एक, लहानशा पक्षाच्या तिकिटावर. दुष्काळात टँकर यायचा तेव्हा दोन्ही वाड्यांच्या मध्ये तो थांबायचा आणि पाइप कोण आधी धरतो यावर डोकी फुटायची. ही बाई टँकरवर चढून उभी राहिली आणि घराच्या क्रमाने पाणी सोडायला लावलं. पुढे तिने ते दर खेपेला केलं. तिचा दीर आडवा आला तर त्यालाही रांगेत घातलं.

“पाणी देताना तिनं माणूस बघितलं न्हाई कवा, घागर बघितली,” आई म्हणाली. “माझी घागर शेवटाला हुती तरी भरली.”

मी म्हणालो, मग टाक की तिला. आत कोण बघतंय?

“तुला कोण बघत न्हाई. तू साताऱ्यात ऱ्हातुयास.”

मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी तिला सांगितलं. मत गुप्त असतं. ते दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, दुसऱ्याने आपल्या नावावर घेतलेली शपथ कायद्यात टिकत नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या पावसाची बातमी ऐकावी तसं तिने ऐकलं. मग म्हणाली की घराचा भंडारा उचललाय, तो तिच्यासाठीही उचललाय. तिची मेंढरं त्या देवाच्या माळावर चरतात. तिला तिथेच राहायचं आहे.

तक्रार का केली नाही, असं मला पुढे साताऱ्यात विचारलं गेलं. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. देणाऱ्याचा पुरावा नव्हता आणि घेणारा माझा भाऊ होता, मोटरची पावती खिशात घेऊन फिरणारा. पहिला आत कोण गेला असता ते सांगायला नको.

बुधवारी सकाळी कार्यकर्त्याकडे गेलो. तो माझ्या वर्गातला. सातवीपर्यंत एका बाकावर होतो. घरासमोर पत्र्याची शेड, तिच्यावर पक्षाचा फलक, आत खुर्च्या आणि चहाची किटली. भंडारा सोडवायची आमच्यात रीत आहे. ज्याच्यासमोर उचलला त्याच्यासमोर, त्याच देवापुढे खाली ठेवायचा. तेवढ्यासाठी त्याने देवळात यावं, असं मी म्हणालो.

“गड्या, तुला एकाला सोडला तर उद्या देवळात रांग लागंल,” तो म्हणाला. “वर आकडा दिलाय मी.”

किती मतांचा, असं मी विचारलं. मतांचा नाही, घरांचा, असं तो म्हणाला. वर घरं सांगायची असतात. घरातला एक गडी बोलला की बाकीचे आलेच. बायकांना वेगळं काय विचारायचं? त्याने हे दडवून किंवा कुजबुजून सांगितलं नाही. मी स्टोअरमध्ये पोती आणि त्यातला माल सांगतो तसं सांगितलं. वर मला सवलतही दिली.

“तू तुझं कुणालाबी टाक रं. तुझ्यासारख्याचं आमी धरतच न्हाई.”

“मग दोन हजार कशाचे दिलेस?”

“घराचे.”

शेडमधली पोरं हसली. मी चहा न घेता उठलो. वाडीत चहा न घेता उठणं म्हणजे भांडण, आणि ते मला हवंच होतं.

तिथून सरळ देवळात गेलो. पुजारी ओट्यावर लोकर विंचरत बसला होता. त्याच्यावरही माझा राग होता, कारण रविवारी तो तिथे होता. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला की त्यांनी भंडाऱ्याची वाटी मागितली, त्याने दिली. काय बोलणं झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. सगळ्या वाडीचं हेच आहे. सगळे हजर असतात आणि कुणी काही ऐकलेलं नसतं.

मी घडलेलं सांगितलं. “घराचा” हा शब्द आला तसा त्याने हातातली लोकर खाली ठेवली.

“थोरला असताना धाकट्यानं घराचा उचलला? त्यो त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. घराचा शब्द थोरल्याचा.”

कार्यकर्ता याच वाडीतला, याच देवाचा. पण त्याला घाई होती. घरातला जो सापडला त्याच्या हातात त्याने वाटी दिली. वाडीत घर चालवतो धाकटा, म्हणून त्याला धाकटाच घरधनी वाटला. रीत वापरायला काढली आणि ती नीट पाळायचीही तसदी घेतली नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. मी पुजाऱ्याला विचारलं, म्हणजे आईचं मत आईचं झालं?

“न्हाई. तुझं झालं.”

तो हे सहज बोलला आणि पुन्हा लोकर हातात घेतली. चार मतं धाकट्याच्या हातातून निघाली ती माझ्या हातात आली. आईच्या हातात यायचा त्यांना रस्ताच नव्हता. मी पुजाऱ्याशी बराच वेळ वाद घातला. त्याने शांतपणे एकच उपाय सांगितला. मला नको असतील तर मी थोरला म्हणून भंडारा उचलायचा आणि ज्याची मतं त्याला सोडून द्यायची, कार्यकर्त्यासमोर. आणि घेतलेलं परत करायचं. पैसे घरात असेपर्यंत शब्द मोकळा होत नाही.

पुजाऱ्याने बोलावल्यावर कार्यकर्त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने निरोप पाठवला, येतो, पण चार मतांचे आठ हजार रोख आणा. धाकट्याकडे तेराशे रुपये उरले होते. मी तालुक्याला गेलो आणि एटीएममधून पैसे काढले. मशिनसमोर आमच्या भागातल्या दोन ओळखीच्या बाया उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी वाटायला काढतोय. एकीने विचारलंही, आवं, कुठल्या पार्टीचं? मी नोटा खिशात घालून निघालो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

घरी येऊन आईला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं. मग तिने विचारलं,

“मंग तिला टाकलं तर तुला चालंल न्हवं?”

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त राग आला तो या वाक्याचा. आईचा नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, आयुष्यभर मेंढरांच्या वाटण्या तोंडपाठ ठेवणारी, व्यापाऱ्याला लोकरीच्या भावात एक पैसा सोडत नाही ती, आणि आपल्या मतासाठी पोराकडे बघत होती. तिला तसं बघायला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. सगळ्यांनी मिळून. पक्षांनी, भावकीने, माझ्या वडिलांनी, जे दर निवडणुकीच्या सकाळी तिला चिन्ह सांगायचे.

“मला इचारू नगंस,” मी म्हणालो. “मी तुझा मालक न्हाई.”

ती उठून कोकरांकडे गेली. मी चिडलोय असं तिला वाटलं, आणि मी चिडलेलोच होतो.

गुरुवारी सकाळी देवळात आम्ही जमलो. पुजारी, कार्यकर्ता, धाकटा, आई, धाकट्याची बायको आणि मी. मी देव मानतो की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण भंडारा हातात घेतल्यावर हात गरम झाला. मी म्हणालो, आमच्या घरची चार मतं मी ज्याची त्याला सोडली. पुजाऱ्याने मला थांबवलं. एकेक सांग, म्हणाला, ढीग लावू नकोस.

मग मी एकेक सांगितलं. आईचं मत आईचं. धाकट्याच्या बायकोचं तिचं. माझं माझं. माझ्या बायकोचं तिचं.

“बायकोला ठावं हाय का, तिचं मत सुटलं ते?” कार्यकर्ता म्हणाला.

धाकटा हसला. पुजारीही हसला. टोमणा बरोबर बसला होता, कारण मी तिला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. शुक्रवारी ती आली तेव्हा सगळं सांगितलं. ती पिशवीतले कपडे काढत होती, तिने वर पाहिलंही नाही. “माझं मत कुणी घेतलंच नव्हतं,” ती म्हणाली, “तर ते सुटलं कसं?”

देवळातून निघताना धाकट्याच्या बायकोने पदर सावरत नवऱ्याला विचारलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“म्हंजी माजं दोन हजाराचं हुतं? मला कुणी दावलंबी न्हाई.”

त्यावर कुणी हसलं नाही.

शनिवारी मतदान झालं. प्राथमिक शाळेत केंद्र होतं. पार्टीची गाडी साताऱ्यातून भरून आली, त्यातून आमच्याच वाडीची माणसं उतरली, गळ्यात मफलर, हातात पाण्याच्या बाटल्या, जत्रेला आल्यासारखी. रांगेत सगळे एकच बोलत होते. कुणीही निवडून आलं तरी काय फरक पडतो, सगळे सारखेच, आज इकडे उद्या तिकडे. पक्ष बदलणारे पुढारी आणि हे बोलणारे मतदार मला एकाच घरातले वाटतात. फरक पडत नसेल तर त्यांना तुमचं मत विकत कशाला लागतं? हे मी रांगेत मोठ्याने विचारलं. पुढच्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागला.

धाकट्याने बोलल्याप्रमाणे ठेकेदाराच्या बायकोला मत दिलं आणि बाहेर येऊन तसं सांगितलंही. त्याच्या डोक्यावरचा भंडारा त्याने पाळला. धाकट्याची बायको आत गेली, आली, काही बोलली नाही. आईला वेळ लागला. आतून दोनदा तिचा आवाज आला, चष्म्याचं काहीतरी विचारत होती. केंद्रावर बसलेला पार्टीचा प्रतिनिधी उठून तिला दाखवायला निघाला, तेव्हा ती म्हणाली, “तू बस. मला दिसतंय.” मग यंत्र दोनदा वाजलं, आणि ती बोटाची शाई फुंकत बाहेर आली.

कुणाला टाकलं ते मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. वाटेत मेंढरांचं बोलली, एक कोकरू पीत नव्हतं.

टँकरवाली बाई पडली. ठेकेदाराची बायको निवडून आली आणि गुलाल आमच्या दारापर्यंत आला. कार्यकर्त्याने मला हात जोडले. मी जोडले नाहीत.

आता पैशांचं सांगतो. धाकट्याने स्वतःच्या मताचे दोन हजार ठेवले. पाचशेच्या सोळा नोटा, आठ हजार रुपये, माझ्या पगाराच्या खात्यातून काढून गुरुवारी देवळात कार्यकर्त्याला दिले. त्याने त्या दोनदा मोजल्या. देवळाला एकशे एक आणि पाव किलो भंडारा, तो पुजाऱ्याकडे. एकूण कुणाकडून एक रुपयाही न घेता घरातली चार मतं परत आणायला मला आठ हजार एकशे एक रुपये आणि हळदीचे पैसे पडले, आणि त्यातले आठ हजार ज्याने ती विकत घेतली होती त्यालाच गेले.